सोवळ्यातला पट्टा

माझ्या आईच्या उजव्या पायाचा आराखडा मी काढला होता, आणि आराखड्यात चूक नव्हती. हे आरंभीच नमूद करतो, कारण पुढची हकीकत ऐकून लोक आराखड्यालाच दोष देतात.

प्रथम पाय समजून घेऊ. त्या उन्हाळ्यात आई न्हाणीच्या उंबऱ्याशी घसरली आणि गुडघ्याखालचे हाड मोडले. प्लास्टर निघाले तेव्हा हाड जुळले होते, परंतु पाऊल वर उचलले जाईना. टाच उचलली की बोटे खाली लोंबत आणि पावलागणिक फरशीला घासत. उज्जैनच्या फ्रीगंजातले हाडांचे डॉक्टर म्हणाले, "नस दबी है, माताजी. आ जाएगी, पर टाइम लेगी." तोवर घोट्याला आधार देऊन पाऊल वर धरणारा पट्टा लावायला हवा, असे सांगून त्यांनी कागदावर चित्रही काढून दाखविले : बूट, त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या आणि पोटरीभोवती चामड्याचा पट्टा. (चित्र प्रमाणात नव्हते, पण मी बोललो नाही.) हा पट्टा इंदूरहून बनवून येणार होता.

आईने एकच प्रश्न विचारला. तोही मला, मराठीत.

"चामडं घालून गौर आणू?"

आमच्या घराण्यात गौरी उज्जैनला, आमच्याच घरी येतात. घरातल्या थोरल्या सुनेने सोवळे नेसून, अनवाणी पायांनी, गौरींचे मुखवटे सुपात घेऊन दारापासून मखरापर्यंत चालायचे. जमिनीवर कुंकवाची पावले काढलेली असतात. त्या प्रत्येक पावलावर पाऊल पडले पाहिजे. आई लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिचे होते. बूट आणि चामडे या दोन्ही गोष्टी अर्थातच दाराबाहेरच्या.

बातमी इंदूरला माझ्या काकूंना कळली. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. मनाने अत्यंत प्रेमळ, आणि मदतीला इतक्या तत्पर की मदत नको असणाऱ्याला पळायला वेळ मिळत नाही.

"वहिनी, यंदा तुम्ही पाटावर बसून राहा," त्या फोनवर म्हणाल्या. "मी आणते ना गौर! त्यात काय एवढं!"

आईने रिसीव्हर खाली ठेवला. "बाईला एकदा पाटावर बसवली," ती म्हणाली, "की पुढच्या वर्षी पाट आधीच मांडलेला असतो."

ती रडली नाही. आई रडत नसे, डाळ निवडत असे. त्या दुपारी तिने निवडलेलीच डाळ पुन्हा निवडायला घेतली, आणि मी कंपासपेटी उघडली.

मी शाळेत भूमिती शिकवीत असे. समस्या नीट मांडली की निम्मी सुटते, हे मी मुलांना नेहमी सांगतो. येथे समस्या अशी होती : पोटरी आणि पाऊल यांच्यात काटकोन राखणारा, बुटाविना वापरता येणारा, चामडेविरहित आधार तयार करणे. थोडक्यात, सोवळ्यात चालणारा पट्टा. तो काळही अनुकूल होता. देश नुकताच खुला होऊ लागला होता आणि बाजारात रोज काहीतरी नवे दिसे. फ्रीगंजात मुलांच्या बुटांवर चर्रकन सुटणारी आणि दाबताच चिकटणारी एक पट्टी आली होती. देवास गेटजवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत लोखंडी नळ मागे सरून प्लास्टिकचे जाडजूड नळ पुढे आले होते. हा नळ उभा चिरून गरम केला की कणकेसारखा मऊ होतो, आणि थंड झाला की मिळालेला आकार धरून ठेवतो. मग तो आकार पायाचाच का नसावा?

"नळ?" माझी पत्नी नंदा म्हणाली. "आईंच्या पायाला?"

"नळ नव्हे. नळापासून."

"मग तोटी कुठं बसवणार?"

(शिक्षकाने टवाळीला उत्तर देऊ नये. मी दिले नाही.)

नळ ज्याच्यावर दाबायचा तो पायाचा साचा आधी हवा होता. त्यासाठी प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या पायाभोवती गुंडाळायच्या, सुकल्यावर ते कवच कापून काढायचे आणि त्यात प्लास्टर ओतायचे. आईवर थेट प्रयोग करणे मला शास्त्रीय वाटेना. म्हणून आधी बाबांचा पाय घेतला. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि त्यांचा पाय दिवसभर रिकामाच असे.

कृती मी अचूक केली. फक्त आधी पायाला तेल लावायचे राहिले.

प्लास्टर सुकले. मी कवच ओढले. बाबांच्या पोटरीवरचा प्रत्येक केस त्या कवचाशी एकनिष्ठ राहिला!

"अरे, छोड! छोड रे!" बाबा ओरडले. बाबा रागावले की हिंदीत रागावत, नोकरीची सवय. "पाय आहे की पुलाचा खांब?"

कवच भिजवून सोडवावे लागणार होते. बादली भरेपर्यंत बाबा हवा खायला पाय लांब करून ओट्यावर बसले. समोरून व्यासजी चालले होते. व्यासजी आमचे शेजारी. शहरातली वर्तमानपत्रे त्यांच्या मागून निघतात.

"अरे बाबूजी! आपका भी पैर?"

बाबांनी खरे सांगायला तोंड उघडले होते. परंतु व्यासजींच्या चेहऱ्यावर इतकी कळकळ दिसली की त्यांनी ते पुन्हा मिटले आणि नुसता सुस्कारा सोडला. संध्याकाळपर्यंत अर्धी कॉलनी भेटीला येऊन गेली. केळी आली, सफरचंदे आली. आईला पाय मोडूनही सफरचंद मिळाले नव्हते! बाबा उशीला टेकून सर्वांना सांगत होते, "बस, महाकाल की मर्जी."

आणि दुसऱ्या दिवशी काकू दारात उभ्या राहिल्या. गौरींना अजून अवकाश होता. हातात मात्र सोवळ्याच्या साडीची पिशवी होती.

"दोघांचेही पाय मोडले म्हणे! मग म्हटलं, आता थांबून कसं चालेल? वहिनी, तुम्ही उठू नका. काही काही म्हणून उठू नका!"

आईने माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यात अनेक निरीक्षकांना सामोरा गेलो आहे. असे पाहणारा एकही नव्हता.

आता कसोटी होती. आईच्या पायाला तेल चोपडून मी साचा घेतला. तो उत्तम निघाला. प्लास्टरचा तो पांढराशुभ्र पाय खिडकीत वाळत ठेवला, तेव्हा बाबा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. "तुझ्या आईचा पाय एका जागी स्थिर असलेला पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले.

मग नळ चिरला, शेगडीवर मऊ केला, साच्यावर दाबला, गुण्याने काटकोन तपासला, कडा घासल्या आणि चिकटपट्ट्या शिवल्या. आईने पट्टा चढवला आणि भिंतीचा आधार सोडला. ती माजघरातून चालत गेली, वळली, परत आली. बोटे घासली नाहीत.

आईने खाली वाकून पट्ट्याकडे पाहिले.

"दिसतो उंदराच्या पिंजऱ्यासारखा," ती म्हणाली. "पण उचलतो रे."

याहून मोठे प्रशस्तिपत्र तिने कुणाला दिल्याचे मला आठवत नाही. काकूंनी सोवळ्याची साडी मुकाट्याने पिशवीत परत ठेवली. त्या रिकाम्या बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांनी घर आवरायला घेतले.

गौरी यायच्या दिवशी सकाळी मी पट्टा तपासायला गेलो. तो न्हाणीत, तांब्याच्या घंगाळात होता. अधिक अचूक सांगायचे तर, घंगाळात पट्टा नव्हता. घंगाळात नळ होता.

"आई! हे काय केलंस?"

"शुद्ध केला. हार्डवेअरच्या दुकानातून आलेला, कुणाकुणाचे हात लागलेला. तसाच नेऊ गौरीपुढं?"

"उकळत्या पाण्यानं?"

"मग काय सरबतानं?"

येथे थोडे शास्त्र आवश्यक आहे. या जातीच्या प्लास्टिकला स्मरणशक्ती असते. उष्णतेने त्याला वाकवले तर ते वाकते. मात्र पुन्हा तेवढीच उष्णता मिळाली की आपण मुळात कोण होतो हे त्याला आठवते. मी त्याला पाय केले होते. आईने त्याला माहेरी पोहोचवले.

बाबा घंगाळात डोकावले. "शाळेत प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा सांगतोस ना तू?" ते म्हणाले. "इथं एकदा तरी सांगायचं, की गरम पाणी नको!"

"साचा आहे ना?" नंदा म्हणाली. "पुन्हा दाबू या."

खरेच! मी खिडकीकडे धावलो. खिडकी स्वच्छ पुसलेली आणि रिकामी होती.

"ते होय?" काकू म्हणाल्या. "ते मी काल क्षिप्रेत सोडून आले."

"सोडून?"

"मग? नुसता एकच पाय होता. म्हणजे मूर्ती भंगलेलीच ना! सणाच्या दिवसांत घरात भंगलेली मूर्ती ठेवतात का कुणी? रामघाटावर नीट नमस्कार करून सोडला हो. फुलंसुद्धा वाहिली."

आईच्या पायाचे यथासांग विसर्जन झाले होते!

बाहेर ओट्यावर बायका जमू लागल्या होत्या. बाबांच्या पायाची चौकशी करून गेलेल्या सर्वजणी अगत्याने आल्या होत्या. काकूंनी हळूच पिशवीकडे पाहिले आणि पुन्हा नजर वळवली. आई सोवळे नेसून पाटावर बसली होती, आणि तिच्या हातांना काहीच काम नव्हते. निवडायला डाळसुद्धा नव्हती. तो पाट मला पाहवेना.

"त्या पट्ट्याचं काम काय होतं?" तिने अचानक विचारले.

मी सांगू लागलो. "पोटरीचा अक्ष आणि तळव्याची पातळी यांच्यात..."

"थोडक्यात सांग."

"पाऊल वर उचलून धरायचं."

"मग धर," आई म्हणाली आणि उठली.

पुढचे दृश्य पदवीधर माणसाने वर्णन करावे असे नाही. मी आंघोळ करून पीतांबर नेसलो आणि दारात आईच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसलो. नंदाने रिवाजाप्रमाणे आईच्या पायांवर दूध-पाणी घातले, ते माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आले. तिने पावलावर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि क्षणभर विचार करून माझ्या हातावरही एक काढले. आईने सूप उचलले. काकूंनी थाळी वाजवायला घेतली. आणि मी, ज्याच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने आठवीचा वर्ग चिडीचूप होतो, रांगू लागलो.

आई गुडघा उचले. मी तळव्याखाली हात घालून बोटे वर धरी. ती पाय टाके. मी हात काढून घेई. (सुरुवातीला हात वेळेवर निघत नसे. आई हलकी नव्हती.)

"टाच आधी," मी खालून सूचना देत होतो. "टाच! आता भार पुढे. पुढे. डावा पाय मोकळा सोड."

"गौर कशाच्या पावली आली?" काकूंनी विचारले.

"सोन्याच्या पावली आली," आई म्हणाली.

"टाच आधी, आई."

"गौर कशाच्या पावली आली?"

"धनधान्याच्या पावली आली."

माजघराच्या वळणावर माझा गुडघा माझ्याच पीतांबरावर पडला आणि गाठ ढिली झाली. एक हात पायाखाली, दुसरा जमिनीवर. अशा वेळी माणसाला प्राधान्य ठरवावे लागते. मी पाय निवडला. मागून बाबांनी आपले उपरणे माझ्या कमरेवर टाकले, आणि ओट्यावरून व्यासजींचा आवाज आला, "बाबूजी, आप तो चल रहे हैं!"

"गौर कशाच्या पावली आली?"

"आई, आता पायरी आहे. गुडघा जास्त वाकव. कोन थोडा..."

"लेकराबाळांच्या पावली आली," आई म्हणाली, आणि सूर जराही न बदलता पुढे म्हणाली, "आणि लेकरू काही गप्प बसेना!"

काकूंची थाळी चुकली. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. आईने मात्र पायरी चढून शेवटच्या कुंकवाच्या पावलावर बरोबर पाऊल टाकले आणि गौरी मखरात नेऊन बसविल्या. तिने हात जोडले. काकूंनी थाळी खाली ठेवून तिला वाकून नमस्कार केला.

"वहिनी, तुम्ही होता म्हणून," त्या म्हणाल्या. "मला खरंच नसतं जमलं."

"तुला कोण धरणार होतं?" आई म्हणाली, आणि पदराने स्वतःचे नव्हे, काकूंचे डोळे पुसले.

पुढे इंदूरचा पट्टा आला आणि आईने तो देवघरापासून दूर राहून वापरलाही. दिवाळी उलटल्यावर आम्ही फ्रीगंजला दाखवायला गेलो. पाऊल आपले आपण थोडे वर येऊ लागले होते. डॉक्टर खूश झाले. मी माझा आराखडा सोबत नेला होता आणि टेबलावर उलगडून त्यांना काटकोनाचे महत्त्व समजावून देऊ लागलो होतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून आईला विचारले, "माताजी, त्यौहार पर बिना पट्टे के तो नहीं चलीं ना?"

"बिल्कुल नहीं," आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट दाखविले. "ये लगाया था. चलता अच्छा है, डॉक्टर साब. बस, बोलता बहुत है."