घाईकाकूंचं नवं कुलूप

घाईकाकूंचं खरं नाव इमारतीत कुणालाच आठवत नाही. आठवून उपयोग तरी काय? हाक मारायला तोंड उघडावं, तोवर बाई दुसऱ्या जिन्यावर पोचलेल्या! राहत्या घराच्या वरची दोन खोल्यांची जागा त्या भाड्याने देतात. एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत त्यांच्या जिवाला चैन म्हणून नसतं. जुन्यांचा टेम्पो कोपऱ्यावर वळतो न वळतो, तोच ह्यांनी दाराचं कुलूप बदललेलं असतं. "अगं, त्यांना जिना तरी उतरू दे," असं काका म्हणतात आणि पुन्हा टीव्हीकडे वळतात.

या वेळी तर विचारूच नका. काल जुनं कुटुंब गेलं आणि आज संध्याकाळी नवं जोडपं येणार होतं. भिंतींना खिळ्यांची भोकं, मोरीतला नळ गळका, आणि रंगारी? "आलोच काकू" म्हणून जो गेला तो गेलाच. काकूंनी पदर खोचला, पुट्टीचा डबा घेतला आणि स्वतःच शिडीवर चढल्या. एक भोक बुजवायचं, खाली उतरून नळ बघायचा, फोनवर रंगाऱ्याचा उद्धार करायचा, पुन्हा वर. एका कामावर मन टिकेल तर शपथ!

तेवढ्यात दाराशी खुडबुड ऐकू आली. बाहेरून कुणीतरी कुलपात किल्ली घालत होतं. किल्ली लागेना आणि माणूस हटेना. काकू शिडीवरूनच ओरडल्या, "अहो, चुकलात! दुसरं दार बघा!"

खुडबुड थांबली. चपला घासत कुणीतरी निघून गेलं, आणि काकू पुढच्या भोकाकडे वळल्या.

दुपारी फोन वाजला. गेलेल्या भाडेकरूंची सून होती. "काकू, आमचे मामंजी तिकडे आलेत का हो? सकाळपासून घरात नाहीत. हल्ली त्यांच्या काही लक्षात राहत नाही, तुम्हाला माहीतच आहे. तिथली एक किल्ली द्यायची राहिली, ती त्यांच्याच खिशात आहे."

काकूंना सकाळची खुडबुड आठवली. "तू ये, मी शोधते," एवढंच कसंबसं बोलल्या. सकाळचं सांगायची हिंमतच होईना. भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज. पुट्टीने माखलेल्या हातांनीच त्या धावत सुटल्या. फाटक, दूधवाला, बसथांबा, कुठेच आजोबा नाहीत. परत येताना खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी अडवलं.

"काकू, तुमच्या त्या आजोबांना झालंय काय? माझ्या दाराला किल्ली लावून बघत होते. विचारलं तर म्हणाले, वरच्या बाईंनी दुसरं दार बघायला सांगितलंय."

"मग? गेले कुठे?"

"सगळी दारं झाली की आपल्याकडची. शेजारच्या इमारतीत गेले असतील."

काकू तिथले जिने चढत सुटल्या. अगदी वरच्या मजल्यावर आजोबा एका बंद दाराशी वाकून उभे होते. सदरा घामाने चिंब झाला होता.

"हेही नाही," ते म्हणाले.

"चला आजोबा," काकूंनी त्यांचा दंड धरला. "माझंच चुकलं." त्यांच्या पावलाला पाऊल लावत काकू एकेक पायरी उतरल्या, एकेक चढल्या. दारापाशी आल्यावर आजोबांनी चपला काढल्या आणि आपली किल्ली पुन्हा लावून बघितली. ती काही फिरेना. काकूंनी गुपचूप आपली किल्ली काढून दार उघडलं.

आजोबांनी आत डोकावलं. रिकाम्या खोल्या, पांढरे ठिपके पडलेल्या भिंती.

"तुमची लागली," ते म्हणाले. "म्हणजे घर तुमचं. माफ करा हं, सकाळी उगाच त्रास दिला." आणि मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आमचं कुठलं हो?"

काकूंनी आजोबांचा हात घट्ट धरला आणि सून जिना चढून येईपर्यंत तशाच दारात उभ्या राहिल्या.