दादाच्या तोंडचा 'मी'

आमचा दादा बसस्थानकावर उद्घोषक आहे. त्याने 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हटलं की अख्खा फलाट कान टवकारतो. घरात मात्र तोंडातून एक सरळ वाक्य निघेल तर शपथ. बोललाच तर इतकंच: पाणी आण, पंखा लाव, गप्प बस. दिवसभर बोलून घसा बसतो म्हणे. पगार तोच आणतो, त्यामुळे आम्हालाही हे कारण पटतं.

एकदा त्याचे साहेब घरी आले. दादाच्या साडेतीन वर्षांच्या मुलाने धावत जाऊन सांगितलं, "मी आले! मी दूध पिते!"

साहेब खो खो हसले. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. पोरगं दिवसभर आम्हा तिघींत असतं. त्याची आई, आजी आणि मी आत्या. कानावर पडलं तेच तोंडात बसलं. दादाच्या मते मात्र हा आमचा कट होता.

"पोराची पार मुलगी करून टाकलीत! पुढच्या महिन्यात शाळा आहे त्याची. टिंगल करून रडवतील त्याला!"

आवाज चढला होता, पण तो खरंच घाबरला होता. मला त्याची दया आली.

मग फर्मान निघालं: पोरासमोर बायकांनी पुरुषासारखं बोलायचं. वहिनी मुकाट्याने म्हणाली, "मी भाजी आणायला जातो."

आजी म्हणाली, "या वयात मला पुरुष होणं झेपायचं नाही."

पोराने वहिनीकडे असं पाहिलं, जणू तिला ताप चढलाय. "आई, 'जाते' म्हण!"

म्हणजे बायका कशा बोलतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आपण त्यांच्यातले नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी तो दादाचा शर्ट घालून खुर्चीत बसला. "मी बाबा!"

"बरं बाबा, बोला," मी म्हटलं.

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "पाणी आण. पंखा लाव. गप्प बस."

"अजून?"

त्याने बराच विचार केला. "संपलं."

दादा दारातच उभा होता. आमची हसायची हिंमत झाली नाही. 'आण' आणि 'लाव' बाईने म्हटलं काय नि पुरुषाने म्हटलं काय, सारखंच. बाप 'मी' म्हणून पुढे काय बोलतो, ते पोराने कधी ऐकलंच नव्हतं.

दादा त्याच्यासमोर जमिनीवर बसला. "मी..." म्हणाला आणि अडकला. लाऊडस्पीकरवरही हा शब्द त्याला कधी लागत नाही. पोरगं त्याच्या तोंडाकडे बघत राहिलं.

"मी दमतो रे," दादा शेवटी म्हणाला.

पोरगं खुर्चीवरून उतरलं आणि त्याला टेकून बसलं.

"मी पण दमतो," म्हणालं.