धुतलेली गाडी

वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी मी त्यांची जुनी गाडी धुतली. ते गेल्यापासून ती वडीगोद्रीच्या घरापुढे तशीच उभी होती. अकराला गावाकडच्या विहारात भंतेजी येणार होते, आणि आईने आधीच सांगितलं होतं, जाईन तर तुझ्या वडिलांच्याच गाडीतून. बाहेरून धुऊन झाल्यावर मी बॉनेट उघडून आतली धूळही पाण्याने काढली. वडील शाळेत गुरुजी, त्यांना स्वच्छतेची आवड, एवढंच डोक्यात होतं. डॅशबोर्डच्या खणातलं त्यांचं फडकंही धुऊन दोरीवर टाकलं.

दहाला चावी फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं. पाच-सहा वेळा तेच. आई पांढरी साडी नेसून शेजारच्या सीटवर बसली होती, समोर बघत.

रस्त्यापलीकडचे गॅरेजवाले मिस्त्री हात पुसत आले. "बॅटरी बराबर हाय," म्हणाले. पेट्रोलही येत होतं. मग त्यांनी प्लगांना वीज पोचवणारी काळी टोपी उघडली. आत पाण्याचे थेंब.

"ताई, आज आंघोळ घातली का गाडीला?"

"हो."

"आतून बी?"

मी मान डोलावली.

"गुरुजी इथं पाण्याचा हात बिलकुल लावू देत नव्हते. कोरडं फडकं ठेवायचे खणात."

"ते बी धुतलं तिनं," आई म्हणाली. "एवढी पुस्तकं वाचती, पर हे कुठं लिव्हलेलं नसंल."

मिस्त्री हसले. मलाही हसू आलं, कितीतरी दिवसांनी. त्यांच्या हातातलं फडकं तेलकट होतं. आईने खाली उतरून पदर पुढे केला.

"काकू, पांढरं हाय, खराब होईल."

"होऊ द्या. जल्दी करा."

ते तरी घुटमळले, तेव्हा तिनेच टोपी हातात घेऊन आतून पुसली. थोडा वेळ ती उन्हात ठेवली, परत बसवली. तिसऱ्या वेळी गाडी सुरू झाली. वाटेत पुन्हा बंद पडू नये म्हणून मिस्त्री मोटारसायकलवरून गावच्या फाट्यापर्यंत मागे आले, हात केला आणि वळले. मी त्यांना थांबवून आभाराचे दोन शब्दही बोलले नाही. ते राहिलेले शब्द इथे लिहिते आहे.

आम्ही पोचलो तेव्हा भंतेजी नुकतेच बसत होते. आई पुढे बसली. पदरावरची काळी रेघ तिला आत दुमडता आली असती. तिने दुमडली नाही. त्रिशरण म्हणताना माझी नजर तिच्यावरच होती.

संध्याकाळी मी साडी धुवायला मागितली.

"तू राहू दे," आई म्हणाली. "तुझं धुणं बघितलं सकाळी."

ती साडी अजून तशीच, घडी घालून तिच्या कपाटात आहे.