भर पाटात बाज

निवडणुकीचे किस्से आणि गुऱ्हाळावरच्या माश्या सारख्याच. एक हाकलावी तर चार येऊन बसतात! मी काही ते मुद्दाम जमवायला गेलो नाही. माझा धंदाच तसला. एकोणीसशे पन्नासनंतरच्या सालांत इंदापुरात एस.टी. स्टँडाजवळ माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक कर्णा, एक अॅम्प्लिफायर आणि एक बॅटरी. पण पंचक्रोशीत दुसरा कर्णा नव्हता, त्यामुळे पुढाऱ्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते माझ्याच तारेतून जायचं. आणि मी काही बहिरा नव्हतो.

त्यातल्या एका विधानसभेच्या निवडणुकीला सरकारपक्षाचे उमेदवार होते बारामतीचे एक वकीलसाहेब. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्री, बोलणं कलमवार. त्यांची खूण तराजू. विरोधकांनी उभे केले होते दादासाहेब, सांगवीकडचे ऊसवाले बागायतदार. आवाज असा की त्यांना माझ्या कर्ण्याची खरं म्हणजे गरजच नव्हती. त्यांची खूण कंदील.

दोघांनाही कर्णा पाहिजे आणि कर्णा एकच! दोन दिवस भांडणं झाली. शेवटी मीच तोडगा काढला, सकाळी तराजू, दुपारी कंदील. टांग्यावर कर्णा बांधून गावोगाव ओरडायचं कामही माझंच.

एका गावात सकाळी ओरडून गेलो, "तराजूलाच मत द्या, कंदिलाला भुलू नका!" दुपारी त्याच गल्लीत आलो, "कंदिलालाच मत द्या, तराजूला भुलू नका!" वेणूआत्या म्हणून एक म्हातारी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं हात वर करून टांगा थांबवला.

"सदोबा, लग्नात तरी एकाच पोरीच्या गळ्यात माळ घातलीस का रं?"

मी म्हटलं, "आत्या, रागावू नगा. तोंड भाड्याचं हाय."

"मंग दुपारच्याला भाडं जास्त घेत जा," आत्या म्हणाली. "सकाळच्यापरास लई मोठ्यांदा खोटं बोलतुस!"

*

ही वेणूआत्या म्हणजे एक प्रकरणच होतं. देशातल्या पहिल्या निवडणुकीतला तिचा किस्सा अजून त्या गावात सांगतात.

तेव्हा शिक्का नव्हता आणि बटण तर नव्हतंच. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असायची, वर त्याची खूण चिकटवलेली. आपल्याला मिळालेली चिठ्ठी आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची, की झालं मतदान. शाळेतल्या मास्तरांनी आठ दिवस तुपाचे रिकामे डबे मांडून गावाकडून तालीम करून घेतली होती.

आत्या नवं लुगडं नेसून पडद्याआड गेली ती येईचना. बाहेर रांग ताटकळली. शेवटी अधिकाऱ्यानं हाक मारली तेव्हा ती घाम पुसत बाहेर आली.

"बाई, एवढा वेळ काय करत होता?"

"समद्या पेट्यांना हळदकुकू लावलं. एकीला लावावं तर दुसरी रुसायची!"

"बरं, बरं. आणि मत?"

आत्यानं कनवटीची मिसरीची डबी काढून उघडून दाखवली. आत चिठ्ठी नीट घडी करून ठेवलेली. "ही का? सरकारनं मला दिली म्हंजी माझी झाली. पेटीत कशापायी टाकू? मी काय खुळी हाय?"

*

आता इस्माईलचाचांबद्दल सांगतो, कारण खरी गंमत त्यांचीच आहे.

वेणूआत्याच्याच गावात पाटाच्या अलीकडे बागवानांची आळी होती. पेरू, लिंबू आणि भाजीपाला हा त्यांचा धंदा. इस्माईलचाचा आळीतले सगळ्यांत वडीलधारे. डोक्याला मुंडासं, तोंडात पान आणि बोलणं असं की समोरच्याला आपण चिरडलो गेलो हे घरी गेल्यावर कळायचं. चाचांनी मत दिल्याशिवाय आळी घराबाहेर पडायची नाही. मतदान अटीतटीचं होतं, त्यामुळे दोन्ही पक्षांचा डोळा या आळीवर.

वकीलसाहेबांच्या मदतीला पुण्याहून पक्षाचे एक प्रचारप्रमुख आले होते. चष्मा, कातडी बॅग, सगळं जिथल्या तिथं. त्यांनी फर्मान काढलं, "या गावात अल्पसंख्याकांची खास सभा घ्या."

मांडव घातला, चहा ठेवला. चहा फुकट म्हटल्यावर सगळं गाव लोटलं. पाटील आले, माळी आले, बागवान आले, वेणूआत्या तर पहिल्या रांगेत. सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. पिराच्या उरसाला बसतात तसेच! प्रचारप्रमुख घाबरेघुबरे झाले. "अहो, ही फक्त अल्पसंख्याकांची सभा आहे!"

चाचांनी शांतपणे विचारलं, "साहेब, ते अल्पसंख्याक म्हंजी कोन?"

"म्हणजे जे संख्येनं कमी असतात ते."

चाचांनी मान फिरवून सगळा मांडव न्याहाळला. मग म्हणाले, "मंग हितं तुमीच की! पुन्याचं म्हंजी तुमी येकटंच हाय. या, बसा. घाबरू नगा, आमी तुमास्नी सांबाळून घिऊ. अरं, साहेबांस्नी च्या द्या!"

*

ही सभा फसल्याचं कळताच दादासाहेबांच्या गटाला चेव आला. त्यांनी थेट हैदराबादेकडचे एक शायर वक्ते आणले. शेरवानी, सुरमा, अत्तर! अत्तर इतकं की माझा मायक्रोफोन पुढं आठ दिवस घमघमत होता.

तासभर अस्सल उर्दू. एकेका वाक्याला हातभर लांबीचे शब्द. बागवानांची आळी टक लावून ऐकत होती. दादासाहेब माझ्या कानात म्हणाले, "सदोबा, बग. येक मानूस हालला न्हाय. आळी आपली!"

भाषण संपलं. चाचा उठले आणि त्यांनी वक्त्यांचा हात हातात घेतला. "लई झ्याक बोलला. मशिदीत मौलवी बी असंच बोलतो, तवा बी आमाला कळत न्हाय. आता कुनीतरी मराठीत सांगा, पुलाचं काय ठरलं?"

आता हा पूल कसला, ते सांगतो. आळी पाटाच्या अलीकडे आणि कबरस्तान पलीकडे. शाळाही पलीकडेच. मधे पूल नाही. पाटाला पाणी नसेल तेव्हा ठीक, पण पाणी असलं की गुडघाभर, कंबरभर पाण्यातून जायचं, नाहीतर लांबचा वळसा घ्यायचा. आदल्या साली चाचांचा धाकटा भाऊ गेला तेव्हा भर पाटात एका खांदेकऱ्याचा पाय घसरला. मयत भिजली. ते सांगताना चाचांचं पान चघळणं थांबायचं. "मला तसं जायचं न्हाय," एवढंच म्हणायचे. "मला कोरडा न्या." त्यांची एवढीच मागणी होती आणि ती त्यांना जिवंतपणी पुरी करून पाहिजे होती.

*

नेमकी त्याच आठवड्यात माझी बॅटरी बसली. चार्ज करायला बारामतीला धाडली, ती प्रचाराच्या शेवटच्या दिवशी परत आली. दोघांच्याही सभा त्याच गावात, त्याच संध्याकाळी! मी हात जोडले, म्हटलं, येकाच ठिकानी घ्या, न्हायतर कर्णा इंदापूरला नेतो. घेतली बिचाऱ्यांनी. समोरासमोर दोन व्यासपीठं, मधे मी.

चाचांनी पहिल्यालाच सवाल टाकला, "पूल कोन बांदनार?"

वकीलसाहेब उठले. "बंधूंनो, मी खोटं आश्वासन देणार नाही. विधानसभेचा अधिकार कायदे करण्याचा. पूल हा लोकल बोर्डाचा विषय आहे."

दादासाहेब गरजले, "मंग आमदार कशाला पायजे? मी निवडून आलो तर त्या दिवशी पाटाचं पानीच थांबवतो!"

"आमदाराला पाणी थांबवायचा अधिकार नाही!"

"का न्हाय? लोकांनी निवडलेला मानूस मोठा, का पाटबंधाऱ्याचा कारकून मोठा?"

"कायद्यानं..."

"कायदा तर तुमीच करता न्हवं? मंग करा की येक, पानी थांबवायचा!"

टाळ्या, शिट्ट्या. वकीलसाहेबांनी राज्यघटना काढली. दादासाहेबांनी आवाज काढला. लोकल बोर्ड म्हणतं पाट आमचा नाही, पाटबंधारे म्हणतं रस्ता आमचा नाही, महसूल म्हणतं कबरस्तान सोडून काहीच आमचं नाही! रंगात आलेली सभा. शेवटी वेणूआत्या वैतागून ओरडली, "आरं मुडद्यांनो, त्या पान्यावर अधिकार हाय तरी कुनाचा?"

मागं कोपऱ्यात रघू पाटकरी बिडी ओढत बसला होता. पाटाची दारं उघडायची-लावायची नोकरी त्याची. सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. रघूनं बिडी विझवली.

"अधिकाराचं मला ठावं न्हाय," तो म्हणाला. "पर चावी माझ्याकडं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी रघूच्या दारात दोन हार. एक तराजूचा, एक कंदिलाचा!

*

मतदानाच्या दिवशी आळीतून निरोप आला की चाचांचे गुडघे गेले. उभं राहवत नाही. मत द्यायची इच्छा तर फार, पण मतदान पाटापलीकडच्या शाळेत. आणि चाचा नाहीत तर आळीही नाही.

निरोप दोन्ही पक्षांना एकाच वेळी गेला होता. वकीलसाहेब मोटारीतून आले, दादासाहेब जीपमधून. चाचा दारात बाजेवर पडून कण्हत होते. मोटारीनं वळशानं न्यायचं म्हटलं तर म्हणाले, "धक्क्यानं जीव जाईल माझा. बाज उचलून न्या, पाटातनंच." पाटाला त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती, म्हणजे पाट कोरडा असणार. दोघंही कबूल झाले. पण दुसऱ्या पक्षानं एकट्यानं नेलेलं कुणालाच परवडणार नव्हतं. मग पुढचे दोन खूर तराजूनं धरले आणि मागचे दोन कंदिलानं. एका अंगाला उमेदवार आणि दुसऱ्या अंगाला कार्यकर्ता. त्याआधी पुढं कुणी व्हायचं यावरून पुन्हा जुंपलीच. बाजेवरून चाचा म्हणाले, "फुडं व्हा न्हायतर मागं, मी आपला मदीच हाय."

पाटावर आले आणि बघतात तो काय, कंबरभर पाणी! मी टांगा काठावर लावला होता, मलाही नवल वाटलं. पण सगळी आळी काठावर उभी राहून बघत होती. आता मागं कोण फिरणार? कडक इस्त्रीचं धोतर पाण्यात उतरलं. दादासाहेबांची नवी वहाण तर वाहूनच गेली.

भर मध्यावर गेल्यावर चाचा म्हणाले, "थांबा."

थांबले.

"आता सांगा, पूल कोन बांदनार?"

"चाचा, पलीकडं तर जाऊ द्या!" वकीलसाहेब बाजेचा खूर सावरत म्हणाले. "मी सभेत सांगितलं ना, विधानसभेच्या अधिकारात..."

"जरा हलू नगा, मी पडंन. माझा भाऊ हितंच भिजला." चाचांचा आवाज एकदम बदलला. "तवा कुनी इच्यारलं न्हाय, अधिकार कुनाचा ते. तुमच्या दोगांच्या सभेच्या फळ्या हायत न्हवं? त्या मांडवाच्या वाशांसकट? त्या कुनाच्या अधिकारात हायत?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"माझ्या," वकीलसाहेब म्हणाले.

"आन् माझ्या," दादासाहेब म्हणाले.

"झालं तर मंग! सदोबा, कर्न्यातनं सांग गावाला, दोगांनी पुलाला फळ्या दिल्या. दोगांचं बी नाव घे. येका दमात."

तराजू आणि कंदील एका वाक्यात घ्यायची माझ्या धंद्यातली ती पहिलीच वेळ. जीभ अडखळली, पण घेतलं! काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. बाज पलीकडे गेली, चाचांनी मत दिलं, मागोमाग सगळ्या आळीनं दिलं. कुणाला, ते आजतागायत कुणाला कळलं नाही. निकाल लागला तेव्हा जिंकलेला म्हणत होता आळी माझी, आणि हरलेलाही तेच म्हणत होता.

मतदानाच्या संध्याकाळी मी रघूला गाठलं. "काय रं, आज पाळी न्हवती, मंग पानी कुठनं आलं?"

रघू बिडी पेटवत म्हणाला, "चावी जुनी झालीया, सदोबा. कदी कदी आपूआप फिरती."

बोलल्याप्रमाणे फळ्या आल्या. वासे रोवून आळीतल्या पोरांनी त्या ठोकल्या, पाटलाची माणसंही मदतीला होती. वर रंगवलेल्या खुणा खरवडायला कुणाला सवड नव्हती, त्यामुळे एका फळीवर तराजू, एकीवर कंदील. पूल पुरा झाला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो.

गर्दी बाजूला झाली आणि इस्माईलचाचा आले. चालत! हातात काठीसुद्धा नाही. पुलावरून ताठ पलीकडे गेले, भावाच्या कबरीपाशी जाऊन थोडा वेळ उभे राहिले, डोळे पुसले आणि तसेच परत निघाले. पुलाच्या मध्यावर मी त्यांना गाठलं.

"चाचा, गुडगं?"

चाचांनी एक पाय तराजूवर ठेवला, एक कंदिलावर, आणि वाकून दोन्ही गुडघे जरा दाबून बघितले.

"मत पडंपतूर लई दुकत व्हतं बग!"