झबल्याच्या फर्म्यावर आईचा ब्लाऊज

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की मला पांढरा रंग नकोसा होतो. आमच्या नारपोलीच्या गल्लीत त्या दिवसांत सगळ्यांना पांढरंच हवं असतं. बायकांना साडीवरचा ब्लाऊज, पोरांना कुडता, पोरींना फ्रॉक, आणि सगळं आत्ताच्या आत्ता. पांढऱ्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब पडला की मेला लपत नाही. खाली कापड विणायचे लूम चालू असतात, त्यांच्या धडधडीनं टेबलावरची कात्रीसुद्धा सरकते. त्यात बाया मोबाइलवर कुठल्यातरी काटकुळ्या पोरीचा फोटो दाखवून म्हणतात, "ताई, अस्संच पायजे." अगं बाई, ब्लाऊज तसा शिवीन, पण आतलं माणूस कुठून आणू? असं मनात म्हणते आणि टेप घेऊन उभी राहते.

यंदा तर माझा उजवा खांदाच धरला होता. कपडे वाळत घालताना हात दोरीपर्यंत जाईना. डाव्या हातानं कोपर धरून वर ढकलायचा, मग कुठे चिमटा लागायचा. सांगायचं कुणाला? शिवणकाम करणारीचा खांदा दुखतो, ही काय बातमी आहे? पायडल मारत राहिले.

माझे सगळे फर्मे, म्हणजे मापाप्रमाणे कापलेले खाकी कागद, दाराच्या वर खिळ्याला टांगलेले असतात. पोरांचे फर्मे दरवर्षी बाद होतात, कारण पोरं थांबत नाहीत. मोठ्यांचे टिकतात. त्यातला सगळ्यात जुना आईच्या ब्लाऊजचा. हाताळून हाताळून त्याच्या कडा कापडासारख्या मऊ झाल्यात. दर जयंतीला त्यावर एक नवा पांढरा ब्लाऊज मी शिवतेच.

गेल्या पावसाळ्यात आईला झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. तेव्हापासून ती माझ्याकडेच असते. आता काठी घेऊन घरात चालते, पण डावा हात नुसता लोंबतो. जीभ मात्र शाबूत. उलट तिला जरा जास्तच धार आली. घरात गाऊन घालते, तोही समोरून बटणांचा, एकटीनं कसाबसा चढवते.

सवयीनं मी जुन्याच फर्म्यावर तिचा ब्लाऊज शिवला. घालायला गेले तर डावा हात बाहीत शिरेना. मी तो धरून जरा वाकवला, तशी ती ओरडली आणि ब्लाऊज ओढून जमिनीवर फेकला.

"मी काय मढं हाय? दुसऱ्यानं कपडं घालायचं ते लहान पोराला, न्हायतर मढ्याला. पोर तर मी न्हाय!"

"मग गाऊन घालून चल."

"गाऊन घालून विहारात? तुझी अक्कल लूममध्ये अडकली काय?"

दिवसभराची थकलेली होते, माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "मग नको येऊस!"

"न्हायच येत," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

तिनं एकही जयंती चुकवलेली नाही. मी पोटात असताना ती गावाहून जयंतीला चालत गेली होती, हे दरवर्षी ऐकवायची. यंदा तेही ऐकवलं नाही. शिव्या देणारी आई मला सांभाळता येते. गप्प झालेली नाही. आता ही अशीच भिंतीकडे बघत राहणार, आणि पुढच्या वर्षी येतेस का म्हणून तिला कोण विचारणार, असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या नातवाचं झबलं कापायला घेतलं. झबल्याला वेगळी बाही नसते, अंगातूनच सलग निघते. बगल ढगळ, समोरून उघडं. बाळ काही तुमच्यासाठी हात वर करत नाही. त्याला निजवायचं, कापड अंगाखालून घ्यायचं आणि वरून बंद करायचं. कात्री हातातच राहिली. अगं बये, मला हे आधी का सुचलं नाही?

झबल्याचा फर्मा खाली ठेवला, त्याच्याभोवती आईच्या मापानं नवा काढला. खोडला, परत काढला. डावा खांदा गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उघडा ठेवला. हुक एका हातानं लागत नाहीत, म्हणून शाळेच्या बुटांना असते तसली चिकटपट्टी लावली, खांद्यावर आणि समोर. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं शेवटी, त्यामुळे ब्लाऊज जयंतीच्या सकाळीच पुरा झाला.

लहानपणी आम्हा सगळ्यांना झबली तिनंच घातलेली. तिनं बघताक्षणी ओळखलं. "झबलं शिवलंस मला? कुंची विसरलीस काय?"

"आधी घाल, मग शिव्या घाल."

तिनं ब्लाऊज मांडीवर घेतला, उलटापालटा करून बघितला. "भायेर जा," म्हणाली.

मी जिन्यावर जाऊन बसले. गल्लीत गाणी लागली होती, बाया नटून निघाल्या होत्या, मी अजून पारोशीच. आतून चिकटपट्टीचा चर्र आवाज आला. म्हणजे वाकडी लागली, उपटली. परत चर्र. मग काठी पडल्याचा आवाज. मी उठले.

"आत येऊ नको!"

बसले. किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग दार उघडलं. ती भिंतीला टेकून उभी होती, घामानं निथळत. ब्लाऊज अंगात होता. डाव्या खांद्यावर जरा वाकडा बसला होता, पण मी हात लावला नाही.

"साडी तू नेसव," ती म्हणाली. "ब्लाऊज माझा मी घातला."

मला रडूच कोसळलं. "रडतेस काय, उशीर व्हतोय," म्हणून तिनं दटावलं. पदर तिच्या खांद्यावर टाकताना माझा हात मध्येच अडला. मी डाव्या हातानं कोपर ढकललं. ती बघत होती. विहारात भेटेल तिला सांगत सुटली, माझा मी घातला.

संध्याकाळी आवराआवर करताना तो नवा फर्मा हाती आला. खाडाखोड, चिकटवलेले तुकडे, नुसता पसारा. मी चुरगळून टाकणार, तेवढ्यात आई पलंगावरून म्हणाली, "फेकू नको. खिळ्याला लाव."

"आणखी झबली हवीत काय तुला?"

"मला एक बास हाय." तिनं माझ्या खांद्याकडे बघितलं. "तुझा हात बघितलाय मी. तुला लागंल."

मी कागद सरळ केला आणि खिळ्याला अडकवला. डाव्या हातानं.