मोठीआईचा डावखुरा

टेनिस हा खेळ या जगात कोणी खऱ्या अर्थाने सोसला असेल, तर तो बोरगाव मेघेतल्या आमच्या मोठीआईने. तिने उभ्या आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही, टेनिसचं मैदान प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, आणि 'ड्यूस'ला ती आजही 'जूस' म्हणते. पण एक विशिष्ट डावखुरा खेळाडू ऑस्ट्रेलियात लंगडला की इकडे हिचा गुडघा धरायचा.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. हॉस्पिटलात नर्स होती, आता निवृत्त आहे. टेनिसची लागण तिला नोकरीतच झाली. स्पेशल वॉर्डातल्या एका पेशंटच्या खोलीत टीव्हीवर सामना चालू होता. ही त्याचं बीपी घ्यायला गेली, तर पडद्यावर एक पोरगा डाव्या हाताने चेंडू बडवत होता. मोठीआई स्वतः डावखुरी. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून मार खाल्लेला, नोकरीत डाव्या हाताने इंजेक्शन देते म्हणून मेट्रनची बोलणी खाल्लेली. त्या पेशंटचं बीपी तिने त्या दुपारी पुन्हापुन्हा घेतलं. "त्या पोट्ट्याले कोनी म्हनत नाई, उजव्यानं खेळ म्हनून," असं ती घरी येऊन म्हणाली, आणि त्या दिवसापासून तो तिचा झाला.

सामना ती खेळ म्हणून कधी पाहतच नसे, राउंडला निघाल्यासारखी पाही. "पोटरी आखडली पाह्य त्याची." "पानी कमी पिऊन राह्यला." "याले आता सलाइनच लावा लागते." सामना सुरू होण्याआधी ती बुद्धवंदना म्हणायची, पण त्यातही तिची एक पंचाईत होती. "वंदनेत आपन सगळ्यांचं भलं मागतो. त्यात तो दुसराबी येते ना," असं ती खिन्नपणे म्हणे. मग तडजोड म्हणून ती आपल्या माणसासाठी जय न मागता फक्त चांगला गुडघा मागायची. मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, स्वयंपाकघरात असले की डावखुरा गेम जिंकतो, असा शोध तिला एका सामन्यात लागला. तेव्हापासून सगळे अंतिम सामने काकांनी गॅसच्या शेगडीजवळ उभं राहून ऐकले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. चहा मात्र त्या काळात आमच्या घरी अतोनात झाला.

पण डावखुऱ्याला जसा एक प्रतिस्पर्धी होता, तसा मोठीआईलाही होता, आणि तो भिंतीपलीकडेच राहत होता. ही तिची नोकरीतली मैत्रीण. दोघी एकाच वेळी नर्सिंगला लागल्या, एकाच हॉस्टेलात राहिल्या आणि पुढे शेजारीशेजारी प्लॉट घेऊन घरं बांधली. निवृत्तीनंतरही दोघी एकमेकींना 'सिस्टर' म्हणत, म्हणून आम्हीही सगळे या शेजारीणबाईंना सिस्टरच म्हणायचो. सिस्टरचं माहेर कारंजाकडचं, गोंडाचं. त्यांचा खेळाडू उजव्या हाताचा, शांत, कधी रॅकेट न आपटणारा. "शिस्तीचा पेशंट हाये," असं त्या कौतुकाने सांगत. सामना रंगात आला की त्या गोंडीत काहीतरी पुटपुटत. काय म्हणता विचारलं, तर म्हणत, "प्रार्थना हाये." पण चेहरा पाहून ती प्रार्थना असेल असं वाटत नसे.

सामना असला की सिस्टर स्वतःची खुर्ची घेऊन आमच्याकडे येत. मधे टीपॉयवर बीपीचं मशीन असे. प्रत्येक सेटनंतर दोघी एकमेकींचं बीपी घेत, आणि जिचं जास्त भरे ती विजयी मुद्रेने दुसरीकडे पाही. जणू निष्ठा तिचीच जास्त.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी दोघींचे हे खेळाडू पुन्हा ऑस्ट्रेलियात अंतिम सामन्यात समोरासमोर आले. त्याच संध्याकाळच्या गाडीने सिस्टर कायमच्या पुण्याला जाणार होत्या. एकट्याने राहणं जमेना, मुलगा न्यायला आला होता, घर विकलं गेलं होतं. तिकीट काढताना मुलाला हे टेनिसचं ठाऊक नव्हतं, आणि सिस्टरनी सांगितलंही नव्हतं. दुपारी त्या आल्या तेव्हा पहिल्यांदाच हात हलवत आल्या. खुर्ची ट्रकमधून पुढे गेली होती. मोठीआईने त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः दिवाणावर बसली. मधे उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं टोपलं ठेवलं.

पहिला सेट डावखुऱ्याने घेतला. पुढचे दोन त्या शिस्तीच्या पेशंटने घेतले. एरवी अशा वेळी सिस्टर, "दुखत असंन तर सांगजो, गोळी देते," असं म्हणून मीठ चोळत. त्या दिवशी त्या शेंगा सोलत राहिल्या. चौथा सेट टायब्रेकरवर गेला. एकेक गुण इतका लांबत होता की स्वयंपाकघरातून काकांनी विचारलं, "चेंडू हरवला का?" शेवटी डावखुऱ्याचा एक फटका रेषेला चाटून गेला आणि सेट त्याचा झाला. मोठीआई उठली, बसली, पुन्हा उठली. बीपी घ्यायचं दोघींनाही सुचलं नाही.

पाचवा सेट चार-चारवर असताना मुलगा दारात आला. "आई, ऑटो आला. निघू ना?"

सिस्टर पडद्याकडे पाहत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "निघा लागन," त्या म्हणाल्या. "गाडी काई या दोघायसाठी थांबत नाई."

सामना टाकून मोठीआई कधी दारापर्यंतही गेली नव्हती. एकदा शेजारच्या गल्लीत आग लागली होती, तेव्हा तिने काकांना पाठवलं होतं. म्हणून मी सिस्टरची पिशवी उचलायला पुढे झालो. तोवर मोठीआईने चपला घातल्या होत्या.

"तू बस," ती मला म्हणाली. "फोन लावून ठेव. जे होते ते सांगत राह्यजो. अन् मले बरं वाटावं म्हनून खोटं नको सांगजो."

मी टीव्हीसमोर बसून फोनवर धावतं वर्णन करू लागलो. पलीकडून ऑटोची घरघर, भाजीवाल्याचा भोंगा, आणि फोन स्पीकरवर ठेवल्यामुळे दोघींचे आवाज येत होते.

"डबल फॉल्ट," मी सांगितलं. "सिस्टरच्या माणसाचा."

"हे काऊन केलं त्यानं?" सिस्टर कळवळल्या.

"घाबरला असंन," मोठीआई म्हणाली. थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "भलत्या टायमाले तिकीट काढलं वो सिस्टर तुया पोरानं."

मी पुढचे दोन गुण सांगायचे विसरलो.

त्या स्टेशनवर पोहोचल्या तेव्हा डावखुरा जिंकण्यापासून एक गेम दूर होता. फलाटावरच्या घोषणेत माझा आवाज बुडत होता, म्हणून मी ओरडून सांगत होतो, आणि काका झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले होते, पण उंबरा त्यांनी ओलांडला नाही. सिस्टरच्या माणसाचा शेवटचा चेंडू जाळीत गेला. डावखुरा मैदानावर आडवा पडला.

"जिंकला," मी म्हणालो. "मोठीआई, तुझा जिंकला."

पलीकडून गाडी फलाटाला लागल्याचा आवाज आला. मग सिस्टर म्हणाल्या, "जिंकला वो सिस्टर तुया."

"हो," मोठीआई म्हणाली. "तुयाबी लय चांगला खेळला. चढताना दांडा पकडजो. अन् गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवजो, खाली नको."

मग फोन बंद झाला.

ती घरी परतली तेव्हा डावखुरा करंडक हातात घेऊन भाषण करत होता. या क्षणासाठी तिने किती वर्षं गुडघा मागितला होता. ती दिवाणावर बसली, घटकाभर त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बंद कर. थकला असंन बिचारा." काकांनी चहा आणला. तो तिने बशीत ओतला आणि तसाच राहू दिला.

आता ते दोघेही खेळाडू निवृत्त झाले आहेत. पडद्यावर नवी पोरं आली आहेत, दोघंही उजव्या हाताची, दोघंही धडधाकट. मोठीआईला त्यांच्यात पाहण्यासारखं काही सापडत नाही. परवा अंतिम सामन्याच्या दिवशी मी तिच्याकडे गेलो, तर ती टीव्हीचा आवाज बंद करून पुण्याला फोनवर बोलत होती. सिस्टरना आता फारसं बाहेर पडता येत नाही, आणि कधीकधी नावंही आठवत नाहीत. पण त्या दिवशी स्पीकरवर त्यांचा आवाज स्वच्छ होता.

"तुया कोनता हाये यातला?" त्यांनी विचारलं.

मोठीआईने पडद्याकडे पाहिलं. दोन पोरं वॉर्मअप करत होती.

"मी नाई ठरवला अजून," ती म्हणाली. "तू घे सिस्टर पयले. जो राह्यला, तो माया."