जावईबापूंची हरकत

आमची मुलगी गेली तेव्हा नात तीन वर्षांची होती. दिवसकार्य आटोपल्यावर जावयांनी तिला "थोडे दिवस" आमच्याकडे ठेवलं आणि ते पुण्याला गेले. ते थोडे दिवस सात वर्षं चालले. मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. त्याची पत्रिका मात्र वेळेवर आली.

पाचवीच्या प्रवेशाला शाळेतल्या बाईंनी वडिलांची सही मागितली. मी म्हटलं, "डबा मी करते, सहीही मीच करते."

"तसं चालत नाही आजी, कोर्टाचा कागद आणा."

वकिलांनी सोलापूरच्या कोर्टात पालकत्वाचा अर्ज टाकला. पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागली, कोणाची हरकत असल्यास कळवावे म्हणून. सात वर्षांत नातीला बघायला न आलेले जावई हरकत घ्यायला तातडीनं आले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात नातीसाठी फ्रॉक. पाच वर्षांच्या मुलीला तो छान बसला असता.

"मी बाप आहे," ते न्यायाधीशांना म्हणाले.

"मुलगी कितवीत आहे?"

जावयांनी त्यांच्या वकिलाकडे पाहिलं, वकिलानं फायलीत. तो पान उलटेपर्यंत जावई "तिसरी" म्हणून मोकळे झाले.

मग न्यायाधीश आमच्या ह्यांच्याकडे वळले. ह्यांचा जन्म होटगीला रेल्वेत गेला. साहेब दिसला की उभे राहतात.

"तुमचं वय एकाहत्तर. पुढं मुलीचं कोण बघणार?"

"आतापत्तोर आमीच बघितलं की साहेब. पुढचं इचारणारं कुणीतरी हाय, लई बरं वाटलं."

हा टोमणा नव्हता. ह्यांना खरंच बरं वाटलं होतं.

नातीला आत बोलावून विचारलं, कुणाकडे राहायचंय. ती म्हणाली, "राहतेच की आज्जाकडं."

व्हरांड्यात येऊन जावयांनी हरकत मागे घ्यायची तयारी दाखवली. अट एकच, दाखल्यावर बाप म्हणून त्यांचंच नाव राहावं. ते काढायला आम्ही निघालोच नव्हतो. पोरगी नको, नाव हवं, हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की आमच्या वकिलांनी ते लिहून घेतलं.

काही महिन्यांनी हुकूम हातात आला. वाचता वाचता आमच्या मुलीचं नाव आलं, पुढे "मयत" असं टाइप केलेलं. घरात हा शब्द कोणी कधी उच्चारला नव्हता. मी कोर्टाच्या जिन्यातच बसले.

ह्यांना वाटलं, चक्कर आली. "रस आणू का?"

मी हो म्हटलं. बर्फानं मला खोकला होतो, हे चाळीस वर्षं ठाऊक असूनही ते बर्फ घातलेला उसाचा रस घेऊन आले. अर्धा नातीनं पिऊन टाकला.